जुन्या पिस्तुलांच्या नव्या नकला

बाजारांत मडकें घेतांना गृहिणी तें टिचकीनें वाजवून पाहते, लुगडें घेतांना पदर उलगडून पोत पाहते, आणि सोनें घेतांना कसोटीवर घासल्यावांचून तिचें समाधान होत नाहीं. डोळ्यांना दिसतें तेवढ्यावर विसंबूं नये, हें व्यवहाराचें पहिलें सूत्र तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु वस्तु हजारों मैलांवर, विकणारा अनोळखी, आणि मध्यें केवळ एक चित्र, अशी स्थिति असली म्हणजे हें सूत्र पाळावयाचें कसें? आणि ती वस्तु जर बंदुकीच्या जातीची असेल, तर फसगतीची किंमत पैशांत मोजून भागत नाहीं. हात आणि डोळा यांचाहि त्यांत प्रश्न असतो.

असा प्रश्न अमेरिकेंतील व युरोपांतील पुष्कळ हौशी लोकांपुढें नित्य उभा राहतो. एकोणिसाव्या शतकांतील पिस्तुलांच्या आज नव्यानें बनविलेल्या नकला ते इंटरनेटवरील चित्रें पाहून मागवितात. त्यांतील कांहीं उत्तम निघतात, कांहीं पेटी उघडतांच निराशा करतात. हा भेद कां पडतो, आणि निकृष्ट माल हातीं आला तर शहाण्या माणसानें काय करावें, हें समजण्यासाठीं प्रथम मूळ वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचें पिस्तूल. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थानें १८३६ सालीं आपल्या देशांत त्याचें पेटंट घेतलें. त्याचा १८५१ चा ‘नेव्ही’ नमुना ०.३६ इंच व्यासाचा आणि १८६० चा ‘आर्मी’ नमुना ०.४४ इंच व्यासाचा. हे दोन्ही नमुने दोन दोन लाखांच्या घरांत खपले. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल्टनें आपला माल मांडला, आणि पुढें दोन वर्षांनीं तेथेंच कारखानाहि काढला. ‘नेव्ही’ हें नांव पडण्याचें कारण चक्रावर कोरलेला देखावा होय. टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोच्या आरमाराशीं १८४३ सालीं कँपेचेपाशीं जी झुंज झाली, तिचें तें चित्र आहे.

या पिस्तुलांना तयार काडतूस लागत नाहीं. कोंकणांत पिकाच्या राखणीसाठीं परवान्यानें बाळगलेली ठासणीची बंदूक ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना ही रचना चटकन् समजेल. चक्रांत सहा घरें असतात. प्रत्येक घरांत समोरून काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांची जुनी बंदुकीची दारू, ओतावयाची. तिच्यावर शिशाची गोळी नळीखालच्या ठासणीनें दाबून बसवावयाची. आणि घराच्या मागच्या बाजूस जी बारीक पोकळ नळी असते, जिला निपल म्हणतात, तिच्यावर तांब्याची छोटी टोपी चढवावयाची. घोडा टोपीवर आपटला कीं ठिणगी निपलांतून दारूपर्यंत जाते. घोडा पुन्हां मागें ओढला कीं चक्र एक घर पुढें सरकतें. धातूचें काडतूस रूढ झाल्यावर, १८७० नंतरच्या दशकांत, ही सारी पद्धत मागें पडली.

मागें पडलेली ही वस्तु शतकानें पुन्हां जन्मास आली, ती एका स्मरणोत्सवामुळें. अमेरिकेंतील यादवी युद्धाचा शतसांवत्सरिक सोहळा १९६१ ते १९६५ या काळांत व्हावयाचा होता. लढायांचे देखावे करणारे व जुन्या पद्धतीनें निशाणबाजी करणारे यांना शस्त्रें हवीं होतीं. पण अस्सल पिस्तुलें दुर्मिळ, महाग व जीर्ण. तेव्हां न्यू जर्सींतील ‘नेव्ही आर्म्स’ या कंपनीचे संस्थापक व्हॅल फोर्जेट यांनीं इटलीची वाट धरली. तेथें ब्रेशिया शहराच्या उत्तरेस गार्दोने व्हाल त्रोंपिया नांवाचें गांव आहे. खोऱ्यांत लोखंड, वाहतें पाणी व पिढीजात कारागीर असल्यामुळें हें गांव शतकानुशतकें नळ्या घडवीत आलें आहे. बेरेटा घराण्यानें व्हेनिसच्या शस्त्रागारास नळ्या पुरविल्याचा कागद १५२६ सालचा आहे. याच गांवीं १९५९ सालीं आल्दो उबर्ती यांनीं कारखाना काढला आणि ‘नेव्ही’ पिस्तुलाची नक्कल घडविली. मागाहून पिएत्ता इत्यादि कारखाने आले. आज जगांत विकल्या जाणाऱ्या अशा नकलांचें मुख्य माहेर हेंच खोरें होय.

टपालानें घरीं येण्याची सोय मात्र अमेरिकन कायद्यानें ठेविली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा १९६३ सालीं ज्या बंदुकीनें घात झाला ती टपालानें मागविलेली होती. पुढें १९६८ च्या कायद्यानें आधुनिक बंदुका परस्पर टपालानें विकण्यास बंदी झाली. परंतु १८९८ पर्यंतचीं जुनीं शस्त्रें, आणि आधुनिक काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या नकला, यांना त्या कायद्यांतून वगळलें. कित्येक घटक राज्यांचे नियम याहून कडक आहेत. भारतांत तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं ठासणीच्या बंदुकीसहि परवाना लागतो. म्हणून ही खरेदी येथील वाचकांनीं करावयाची नसून समजून घ्यावयाची आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. नकलेचें रूप आणि नकलेची जुळणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रूप म्हणजे आकार, रंग, कोरीव काम, मुठीचें लाकूड. हें सारें चित्रांत दिसतें, आणि सांचा व यंत्र यांच्या साहाय्यानें स्वस्तांत साधतें. जुळणी म्हणजे एक भाग दुसऱ्यांत केसभरहि फट न ठेवतां, आणि तरीहि न अडकतां, बसणें. ही चित्रांत दिसत नाहीं, आणि तिला वेळ लागतो. कोल्टचा हार्टफर्ड येथील कारखाना यंत्रांसाठीं जगभर नांवाजला होता. तरीहि यंत्रांतून निघालेले भाग शेवटीं कानस घेतलेल्या कारागिराच्या हातूनच एकमेकांस बसविले जात. किंमत उतरवावयाची झाली कीं पहिली कात्री याच शेवटच्या हातावर पडते.

याचा मासला पाहावयाचा तर खुद्द कोल्ट कंपनीचाच आहे. १९७१ सालीं तिनें ‘नेव्ही’ पिस्तूल पुन्हां काढलें, तेव्हां इटलींतून अर्धवट घडलेले भाग आणून ते अमेरिकेंत पुरे केले. धातु त्याच खोऱ्यांतला, पण अखेरची कानस निराळ्या हातांतली. आणि संग्राहक त्या पिस्तुलांना आजहि वेगळा मान देतात.

जुळणींत सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे चक्राचा ताल. घोडा पूर्ण मागें येतो त्याच क्षणीं चक्र जागच्या जागीं थांबून खालच्या खिटीनें अडकलें पाहिजे. खिटी उशिरां बसली तर घर नळीसमोर नेमकें येत नाहीं. मग गोळी नळीच्या कांठाला घासते, शिशाचे कण बाजूस उडतात, आणि नेम तर राहतच नाहीं. दुसरें मर्मस्थान म्हणजे चक्राचा आंस. कोल्टच्या रचनेंत नळी व मागचा सांगाडा यांना वरून जोडणारी पट्टी नसते. आंसाचें टोंक नळीखालच्या भोंकांत शिरतें आणि आडवी पाचर दोघांना एकत्र ठेवते. टोंक भोंकाच्या तळाशीं टेकलें असेल तर पाचर कितीहि ठोकली तरी नळी व चक्र यांतील अंतर तेंच राहतें. पुष्कळ नकलांत आंस आंखूड असतो. मग पाचर जरा अधिक ठोकली कीं चक्र आवळतें आणि जरा ढिली केली कीं फट वाढते.

तिसरा दोष पितळी सांगाड्याचा. यादवी युद्धांत दक्षिणेकडे लोखंड-पोलादाचा तुटवडा होता, म्हणून जॉर्जियांतील ग्रिसवोल्ड यांच्या कारखान्यानें ‘नेव्ही’च्या धर्तीवर साडेतीन हजारांवर पितळी पिस्तुलें बनविलीं, १८६४ सालीं शर्मनच्या फौजेनें तो जाळला. ती निकड होती. आजचे पितळी सांगाडे मात्र मुख्यतः स्वस्ताईसाठीं असतात. पितळ मऊ, भारी माप भरून झाडीत राहिलें कीं आंसाचें मूळ ढिलें होतें आणि चक्राचा ठसा मागच्या भिंतींत उमटतो. त्यावर कडी म्हणजे कित्येक विक्रेते ०.४४ इंची ‘१८५१ नेव्ही’ विकतात. कोल्टनें असा नमुना विकावयास कधींच काढला नव्हता. ही लबाडी असो वा नसो, इतिहास मात्र नव्हे.

याखेरीज मऊ स्क्रू, ठिसूळ कमानी, आणि टोपी नीट न बसणारे निपल हे किरकोळ वाटणारे दोष आहेत. यांतील शेवटचा किरकोळ मुळींच नाहीं. टोपी सैल असली, किंवा घर पूर्ण गोल नसल्यानें गोळी घट्ट बसली नाहीं, तर एका घराची ज्वाला शेजारच्या घरांत शिरून दोन-तीन बार एकदम उडूं शकतात. गोळी घरापेक्षां किंचित् मोठी घेतात, ती ठासतांना शिशाचें बारीक कडें सोलून निघतें, आणि हेंच घर बंद झाल्याचें चिन्ह समजतात, तें याचसाठीं.

तेव्हां पेटी उघडल्यावर पहिलें काम म्हणजे तें पिस्तूल न झाडणें. एकदां काळी दारू लागली कीं विक्रेता सामान्यतः माल परत घेत नाहीं. आणि तिची काजळी ओल शोषून धातूस गंज आणते, त्यामुळें वापर लपतहि नाहीं. आधीं घरें रिकामीं आहेत हें पाहावें, कारखान्याचें जाड तेल पुसावें आणि घोडा अगदीं सावकाश ओढून सहाहि घरें एकेक करून तपासावीं. चक्र प्रत्येक वेळीं घट्ट अडकतें कीं नाहीं, पाचर ठोकल्यावर तें आवळतें कीं काय, नळीच्या आंतील पिळाच्या खांचा स्वच्छ आहेत कीं खरबरीत, माशी सरळ आहे कीं कललेली, हें सारें दिवसाच्या उजेडांत अर्ध्या तासांत कळतें. एकच घर बिघडलेलें असलें तरी पिस्तूल बिघडलेलेंच समजावें.

नळीवरील मोहरांकडेहि लक्ष द्यावें. इटलीच्या कायद्याप्रमाणें गार्दोनेच्या सरकारमान्य परीक्षागृहांत प्रत्येक शस्त्र नेहमींपेक्षां जोरदार माप भरून झाडून पाहतात आणि मगच शिक्का मारतात. ‘पी. एन.’ हीं इटालियन अक्षरें काळ्या दारूचीं निदर्शक आहेत. अर्थात् आधुनिक धूररहित दारू यांत भरणें म्हणजे हातांत सुरुंग धरणें होय. चौकटींतील खूण परीक्षेचें वर्ष सांगते. १९७५ पासून ती दोन अक्षरांची आहे. परंतु हा शिक्का धातूच्या ताकदीची साक्ष देतो, जुळणीची नव्हे. शिक्का आहे म्हणून ताल बरोबर असेलच असें समजणें म्हणजे शाळेच्या दाखल्यावरून मुलाचा स्वभाव ठरविण्यासारखें आहे.

दोष आढळला तर त्याची जात ओळखावी. निपल बदलणें, कडेचे कोर घासून काढणें, कमान नवी घालणें, हीं कामें थोड्या खर्चांत होतात, आणि सुट्या भागांचा पुरवठाहि चांगला आहे. मात्र चक्राचा ताल, वांकडी नळी, तडा किंवा नळीशीं न जुळणारीं घरें हे दोष स्वतः कानस घेऊन दुरुस्त करूं नयेत. त्यांचीं स्पष्ट छायाचित्रें काढावीं, दोष मोजक्या शब्दांत लिहावा, खरेदीची तारीख व क्रमांक द्यावा, आणि विक्रेत्याकडे अगर आयात करणाऱ्याकडे मुदतीच्या आंत पाठवावा. रागाच्या चार पानांपेक्षां दोषाची एक अचूक ओळ अधिक काम करते. विकत घेण्यापूर्वींच परतीच्या अटी वाचल्या असतील तर ही ओळ लिहिणें सोपें जातें.

आणखी एक फसवणूक याच्या उलट दिशेची आहे. चांगल्या नकलेवरील शिक्के घासून, तिला मुद्दाम गंज चढवून, अस्सल जुनें शस्त्र म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. तेथेंहि रूपच पुढें केलें जातें. शिक्क्याच्या जागीं खोलगट घासलेली जागा, आणि जीर्ण कातडीखालीं स्क्रूचे कोवळे आटे, हीं लक्षणें जाणत्याला पुरतात.

या साऱ्याचें तात्पर्य एवढेंच कीं नक्कल करणें हा दोष नव्हे. शंभर वर्षांपूर्वींची वस्तु हातांत घेऊन तिचा व्यवहार समजून घ्यावा, ही इच्छा निर्मळ आहे, आणि गार्दोनेच्या कारागिरांनीं ती हजारों घरीं पुरविली आहे. दोष असतो तो रूप देऊन जुळणी चोरण्यांत. कारखानदारानें वांचविलेला कानशीचा अर्धा तास शेवटीं कोणाला तरी द्यावाच लागतो. घेणाऱ्यानें तो पहिल्या दिवशीं, घोडा सावकाश ओढून, तपासणींत दिला तर बरें. नाहींतर तो बार उडाल्यावर द्यावा लागतो, आणि तेव्हां त्याचें मोल वेळेंत राहत नाहीं.