घुमट का ऐकू आला नाही?

मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने एक फ्यूजन नाच बसवला होता. संगणकावर केलेला ट्रॅक माझा आणि त्यावर प्रत्यक्ष घुमट वाजवणार वर्गातला एक मित्र. हा लहानपणापासून चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवत आलेला, हात अगदी तयार. तालमीतच तो मला म्हणाला, "अरे, तुझा तो बेस जरा बाजूला घे ना. माझा घूम खातोय तो."

मी बेसचा आवाज कमी केला. ट्रॅक पाण्यासारखा पातळ झाला. नाचणाऱ्या मुली म्हणाल्या, यावर पाय उचलत नाहीत. मी पुन्हा आवाज वाढवला. आवाज कमी करणं आणि वाढवणं, एवढंच मला येत होतं! कार्यक्रमाच्या दिवशी सहा मिनिटं तो घुमट वाजवताना सगळ्यांना दिसला, पण ऐकू कुणालाच आला नाही. नंतर तो काही बोलला नाही. "ट्रॅक बरा झाला," एवढंच म्हणाला. ते मला जास्त लागलं.

माझ्याकडे तेव्हा हजारभर प्रिसेट होते. प्रिसेट म्हणजे दुसऱ्याने आधीच घडवून ठेवलेला आवाज. आपण यादीतून निवडायचा आणि वाजवायचा. यात गैर काही नाही, पण तो आवाज थोडासा बदलायची वेळ आली की कळतं, आपल्याला शिवण येत नाही, आपण फक्त तयार कपडे घेत होतो. पुढचे सहा महिने मी ही शिवण शिकलो. आपल्या मंडळात नृत्यसंगीत करू पाहणारे आणखी दोघं-तिघं आहेत हे ठाऊक आहे, म्हणून हे लिहितोय.

सिंथेसायझर कळायला सगळ्यात सोपं यंत्र आपल्या तोंडातच आहे. एकच सूर धरा आणि "ऊ" म्हणा. सूर न सोडता हळूहळू तोंड उघडत "आ"वर या. सूर तोच राहिला, आवाज मात्र दबका होता तो उघडा झाला. गळ्याने कच्चा आवाज दिला आणि तोंडाने त्यातला काही भाग अडवला, काही सोडला. सिंथमध्ये गळ्याच्या जागी असतो ऑसिलेटर आणि तोंडाच्या जागी फिल्टर.

ऑसिलेटर जी लहर काढतो तिच्या आकारावर आवाजाचा पोत ठरतो. साइन लहर म्हणजे निव्वळ एक सूर, त्यात दुसरं काही नाही, शिट्टीच्या जवळ जाणारा. करवतीच्या दात्यांसारखी सॉ लहर घ्या. ती ५५ हर्ट्झवर लावली तर तिच्यात ११०, १६५, २२० असे वरचे सगळे स्वरांश एकामागून एक, कमी होत जाणाऱ्या जोराने असतात. म्हणून ती भरगच्च आणि करकरीत वाटते. चौकोनी लहरीत यातले एकाआड एक गळतात, फक्त विषम उरतात, आणि आवाज पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा. तंबोऱ्याची जवारी लावलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना हे पटकन कळेल. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की त्याच तारेतून वरचे स्वरांश फुलून येतात. सूर बदलत नाही, पोत बदलतो.

दोन ऑसिलेटर किंचित वेगळे लावले, समजा एक ४४० वर आणि दुसरा ४४२ वर, तर आवाज सेकंदाला दोनदा लाटेसारखा हलतो. जुन्या डबल रीडच्या पेटीत हे आपण ऐकलेलं असतं. रोलंडच्या १९९६ सालच्या जेपी-८००० मध्ये अशा ७ सॉ लहरी एकत्र हलवायची सोय होती, आणि ट्रान्स संगीतातले ते आभाळभर पसरणारे सूर बरेचसे तिथून आले.

फिल्टरला दोन नॉब महत्त्वाचे. कटऑफ म्हणजे कुठपर्यंतचे स्वरांश जाऊ द्यायचे ती रेषा. रेझोनन्स म्हणजे त्या रेषेवरच दिलेला जोर. रेझोनन्स वाढवून कटऑफ फिरवला की आवाज "यांव्" करत बोलायला लागतो. रोलंडच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राचं सगळं नाव यावर झालं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आलं ते एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजत नव्हतं, खपलं नाही, दोनतीन वर्षांत बंद पडलं. मग शिकागोच्या फ्यूचर या गटाने स्वस्तात मिळालेलं यंत्र हाती घेऊन नॉब भलतेच पिळले, आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' निघालं. तिथून ॲसिड हाउस सुरू झालं. आपल्या हणजुणेच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेल्या गोवा ट्रान्समध्येही हीच पिळवटलेली रेषा ऐकू येते.

पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच ३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. तबकडी तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे डीजे चकित झाले. मला त्यात आवडतं ते हे, की ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि रागात वाढलेल्या माणसाला त्यात मींड दिसली. यंत्र तेच. ऐकून आलेला कान वेगळा.

आता एन्व्हलप. आवाज कसा जन्मतो, कसा टिकतो, कसा विझतो याचा आराखडा. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो, सतारीचा छेडल्या क्षणापासून विझू लागतो, तबल्याचा 'ना' तर आला आणि गेला. सिंथमध्ये यासाठी चार नॉब असतात: अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज. एन्व्हलप फक्त आवाजाच्या जोराला लावायचा असतो असं मला किती दिवस वाटत होतं! तो फिल्टरला लावता येतो, सुरालाही लावता येतो. साइन लहरीचा सूर २०० हर्ट्झवरून ५० वर डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली आणा, झाला नृत्यसंगीताचा 'धप्प' करणारा किक. डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर नेतात, त्याच्या बरोबर उलट. पहिल्यांदा शून्यातून किक तयार झाला त्या रात्री मी घरच्यांना उठवून ऐकवला. कुणालाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

एफएम नावाचा वेगळा रस्ताही आहे. स्टॅनफर्डच्या जॉन चौनिंग यांना तो १९६७ मध्ये सापडला. सूर थरथरवण्याचा वेग वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर थरथर ऐकू न येता आवाजाचा पोतच बदलतो, हे त्यांच्या लक्षात आलं. यामाहाचा १९८३ चा डीएक्स७ त्यावरच उभा आहे. घंटा, धातू, काच असल्या आवाजांसाठी उत्तम. सुरुवात मात्र याने करू नये, डोकं फिरतं.

शिकायचं कसं? व्हायटल किंवा सर्ज एक्सटी यांपैकी एक घ्या, दोन्ही फुकट मिळतात. सगळे प्रिसेट विसरा, कोरं पान उघडा. मग आवडत्या गाण्यातला एकच आवाज निवडा आणि कानाने ऐकून तो जमवायचा प्रयत्न करा. माझा पहिला आवाज जमायला चार दिवस लागले आणि जमला तोही ओळखीच्या माणसाच्या भावासारखा. मला उपयोगी पडली ती एक वही. इंग्रजी व्हिडिओंतले फॅट, वॉर्म, ब्राइट हे शब्द ऐकून माझ्या हाताला काही कळायचं नाही. मग मी आपले शब्द लिहायला लागलो. दबका असेल तर कटऑफ खाली. पोकळ असेल तर चौकोनी लहर. किनरा असेल तर खालचे स्वरांश कापलेले. नाकातला म्हणजे चौकोनी लहरीचा अरुंद प्रकार. घोगरा म्हणजे खालचा सूर आणि वर थोडं डिस्टॉर्शन. ठणठणीत, भसाडा, चिरका, कातर, घुमणारा... आपल्या भाषेत आवाजांना इतकी नावं आहेत हे मला वाङ्मय मंडळात असूनही सिंथने शिकवलं. आधी नाव सुचलं की नॉब सापडतो. नॉब आधी फिरवला तर रात्र जाते.

तर घुमट. वहीत शब्द जमले तेव्हा मी तो जुना ट्रॅक पुन्हा उघडला. वेग १४५ बीपीएम, म्हणजे एक ठोका साधारण ४१४ मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले तर प्रत्येकी सुमारे १०३. पहिल्या भागात किक आणि उरलेल्या तिन्हींत बेस, अशी सायट्रान्सची नेहमीची चाल मी उचलली होती. खालच्या सुरांत एक क्षणही रिकामा नव्हता. शिवाय त्या प्रिसेटमध्ये दोन सॉ लहरी आणि वर डिस्टॉर्शन, त्यामुळे बेस खालून फुगत नेमका घुमटाच्या पट्ट्यात शिरत होता. एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की मोठा लहानाला झाकतो. त्यात भर म्हणजे घुमटाच्या मागच्या तोंडावर डावा तळवा उघडझाप करून मित्र जो आवाज बदलत होता, ते बारीक काम तर पहिल्यांदा बुडालं. आवाज कमी करून हे सुटणार नव्हतंच. आवाज किती मोठा हा प्रश्न नव्हता, तो कुठे बसलाय हा होता.

मी एक सॉ लहर काढली, डिस्टॉर्शन काढलं, कटऑफ खाली आणला, फिल्टरचा डिके तोकडा केला. बेस दबका झाला पण खाली ठाम राहिला. मग जिथे घुमटाची थाप येते तिथले बेसचे सूर पुसले. तिघांतला एक, कधी दोन. किकला हात लावला नाही.

मित्राला मेसेज केला, घुमट घेऊन ये म्हणून. चवथीच्या आरत्यांत अडकलाय. सुटला की येतो म्हणाला, आणि पुढे लिहिलं, "ह्यावेळी आधी मी वाजवतो, तू ऐक."