डब्यावरचे नाव तेच, आतला माल वेगळा

मिरजेत आमच्या घरच्या वलिम्यासाठी अननसाच्या फोडींचे डबे आणले होते. एका मोठ्या दुकानाचे, त्या दुकानाच्याच छापाचे. आम्ही नेहमी घेतो तेच. कस्टर्डच्या वेळी भटारी म्हणाला, "चाचा, डबे तेवढेच आहेत, पण फोडी कमी पडतात." घरात एक जुना रिकामा डबा होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. नाव तेच, चित्र तेच, निव्वळ वजन तेच. मात्र पाक काढल्यानंतरचे वजन कमी छापलेले होते आणि परवाना क्रमांक बदलला होता. याला फसवणूक म्हणता येणार नाही. सर्व काही छापलेले होते, वाचले नव्हते ते आम्ही.

असे का घडते, हे कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. इचलकरंजीला किंवा विट्याला मजुरीवर कापड विणून घ्यायचे, दुसरीकडे रंगवायचे आणि वर आपला छाप मारायचा, ही जुनी रीत आहे. छाप व्यापाऱ्याचा, हात मागवाल्याचा. सूत महागले की तारा विरळ होतात, सुताच्या जागी पॉलिस्टर वाढते. छाप मात्र तोच राहतो. मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावाचा जॅम, सॉस, लोणचे यांचेही तसेच आहे. माल बहुधा दुसऱ्याच्या कारखान्यात ठेक्यावर तयार होतो. ठेका बदलला किंवा फळ, साखर, तेल महागले, की कृती बदलते. त्याची जाहिरात कोणी देत नाही. बदल दिसतो तो फक्त डब्याच्या मागे, बारीक अक्षरांत.

म्हणून डब्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, 14 आकडी परवाना क्रमांक. नाव तेच असून बनवणाऱ्याचा क्रमांक बदलला, तर माल दुसऱ्या हातचा आहे असे समजावे.

दुसरी, घटकांची यादी. जो घटक वजनाने जास्त तो आधी, असा नियम आहे. फळाच्या आधी साखर आली, तर साखर जास्त. जॅममध्ये किमान 45 टक्के फळ हवे. पण स्ट्रॉबेरीच्या जॅमला 25 टक्केही चालते. महाबळेश्वर-पाचगणीच्या फळाचे नाव पाहून खरेदी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. फळ 40 वरून 25 टक्क्यांवर आले, तरी कायदा मोडत नाही.

तिसरी, आकड्यांनी लिहिलेले घटक. चव वाढवणारा 631 हा पदार्थ वनस्पतीपासून होतो, तसाच मांस-मासळीपासूनही होतो. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की नुसता आकडा पुरेसा नाही, घटक वनस्पतिज की प्राणिज हेही जाहीर करावे. हिरव्या चिन्हाचा अर्थ दूध, मध यांसारखे अपवाद सोडले तर प्राणिज घटक नाही, एवढाच. इसेन्समधल्या मद्यार्काविषयी ते चिन्ह काहीच सांगत नाही. केक, बिस्किटे करणाऱ्या बंधूंनी इसेन्सची बाटली वेगळी तपासावी.

सातारा, कराड, सांगली, मिरज येथे आपले कितीतरी लोक बेकरी आणि दावतीच्या जेवणाच्या कामात आहेत. गिऱ्हाईक डबा पाहत नाही, आपल्याकडे पाहून हलाल समजून खाते. डब्यातला बदल आपल्याला कळला नाही, तरी जबाब आपल्यालाच द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक मालाचा एक रिकामा डबा जपून ठेवावा आणि नवा माल आला की त्याच्याशी ताडून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

आणि जे बंधू दुसऱ्याच्या छापाखाली मसाला, लोणचे करून देतात, त्यांनी ठरलेली कृती तारखेसह कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उद्या बोट दाखवायची वेळ आली, तर ते छाप असलेल्याकडे नव्हे, बनवणाऱ्याकडे वळते.