रस्त्यावरचा घास

परमुलखातील प्रवासाची वर्णने वाचताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. राजवाडे, देवळे, चित्रसंग्रहालये यांच्याविषयी लेखक अदबीने लिहितो. पण रस्त्याच्या कडेला टोपलीत वा हातगाडीवर विकले जाणारे खाणे दिसले की त्याचा सूर पालटतो. कोठे रेशमाचे किडे उकडून खातात, कोठे नाकतोडे भाजून खातात, असे सांगून तो वाचकाला एकदा दचकवतो, एकदा हसवतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. हे लोक असे का खातात, हा प्रश्न मागेच राहतो.

आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. पगार, महागाईभत्ता आणि घरखर्च यांचे आकडे जुळवता जुळवता कोणत्याही ताटामागचा हिशेब शोधण्याची खोड आम्हांला जडली आहे. जगातील काही नवलाच्या पदार्थांना आम्ही तोच हिशेब लावून पाहणार आहोत. श्रोत्यांत शाकाहारी मंडळी पुष्कळ असतील. त्यांनी भिऊ नये. कोणाला काही खावयास लावण्याचा आमचा बेत नाही. फक्त तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. हा पदार्थ कोण खातो? केव्हा खातो? आणि तो ज्यापासून केला ती वस्तू त्या गावात स्वस्त का होती?

प्रथम लंडन घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे जगातील सर्वांत श्रीमंत शहर होते. पण तेथील मजुराच्या खोलीत धड चूल नसे, आणि असली तरी कोळसा महाग. अशा माणसाला रस्ता हेच स्वयंपाकघर. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८५१ साली लंडनच्या कष्टकऱ्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशात आणला. रस्त्यावर काय काय विकले जाते याची त्याने बारकाईने नोंद केली आहे: वाटाण्याचे कढत सूप, मेंढीचे पाय, शिंपल्यांतले जीव, भाजलेले बटाटे आणि गरम वाम. वाम हा सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. तो पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो, त्यामुळे बर्फ नसलेल्या काळातही बाजारात ताजा मिळे. त्याचे तुकडे उकडून रस निवू दिला की त्याच्याच अंगच्या चिकट द्रव्याने तो रस थिजतो. ही थिजलेली वाम पूर्व लंडनमधील गोदी कामगारांचे आवडते खाणे झाली. परदेशी पाहुणा तो थरथरता गोळा पाहून नाक मुरडतो. परंतु कमी सरपणात शिजणारे, टिकणारे आणि पोट भरणारे खाणे त्या पैशात दुसरे कोणते होते?

या गोष्टीचा शेवटही सांगण्याजोगा आहे. १९६७ ते १९८१ या काळात लंडनच्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. कामगार पांगला. युरोपातील वाम मासाही दुर्मीळ होत गेला आणि महागला. आल्डगेट भागात १९१९ पासून चालत आलेली 'टबी आयझॅक्स' ही वाम विकणारी नामांकित गाडी २०१३ साली उठली. गिऱ्हाईक गेले आणि मालही महाग झाला, तेव्हा पदार्थ रस्त्यावर तगेना.

लंडनमध्ये नदीने स्वस्त मासा दिला; इटलीत हे काम कत्तलखान्याने केले. रोममध्ये जनावराच्या टाकाऊ अवयवांना 'पाचवा चतुर्थांश' असे गमतीचे नाव आहे. चार चतुर्थांश, म्हणजे चांगले मांस, ऐपतदारांच्या घरी जाई. उरलेली आतडी, जठर, शेपूट हा पाचवा हिस्सा. रोमच्या कत्तलखान्यातील कामगारांना मजुरीचा काही भाग याच रूपाने मिळे. रोख देण्याऐवजी माल देण्याची ही युक्ती कामगार चळवळीला सर्व देशांत परिचित आहे. पण त्या कामगारांच्या घरातील बायांनी या मजुरीतून असे पदार्थ रांधले की आज ते रोमच्या नामवंत भोजनगृहांत मिरवतात.

फ्लॉरेन्स शहरात गाईच्या चौथ्या जठराचा 'लाम्प्रेदोत्तो' गाडीवर मिळतो. टोमॅटो, कांदा आणि कोथिंबिरीच्या जातीचा पाला घालून तो तासन्तास शिजवतात, पावात भरतात, पावाची वरची चकती त्याच रश्शात बुडवतात आणि वर हिरवी चटणी घालतात. लँप्री नावाचा एक मासा पूर्वी श्रीमंतांच्या पंक्तीला असे. जठराचा हा तुकडा दिसावयास तसाच म्हणून गरिबांनी आपल्या खाण्याला त्याचे नाव दिले. सिसिली बेटावरील पालेर्मो येथे पाणथरी आणि फुफ्फुसे उकडून, चरबीत परतून पावात देतात. नुसते लिंबू पिळले तर तो पाव 'अविवाहित', वर चीज घातले तर 'विवाहित'! मध्ययुगात तेथील यहुदी खाटकांना मजुरीबद्दल हे अवयव मिळत व ते शिजवून विकत, अशी हकिकत तेथे सांगतात. १४९२ च्या राजाज्ञेने यहुद्यांना बेटाबाहेर घालवले. पदार्थ मात्र राहिला. आपल्याकडे वजडी, मुंडी, पाया आणि रक्ती यांची चव जाणणाऱ्याला यात फारसे नवल वाटू नये.

कत्तलखान्याचा जसा पाचवा हिस्सा, तसा गिरणीचाही असतो. कोरियातील 'बोंदेगी' हे त्याचे उदाहरण. रेशमाचे कोष गरम पाण्यात टाकून धागा उलगडतात. धागा निघाला की आत मेलेला किडा उरतो. त्याचे काय करावयाचे? कोरियात १९६० ते १९८० च्या काळात रेशमाचा धंदा जोरात होता. धागा निर्यातीला जाई आणि किडा देशातच राही. तो उकडून, मीठ लावून, कागदाच्या पुडीत घालून विकत. आजही सोलच्या रस्त्यांवर कागदी पेल्यांतून तो मिळतो. पूर्वीपेक्षा कमी, पण मिळतो. त्यात प्रथिने भरपूर असतात. मांस परवडत नाही अशा घरातील पोराच्या हातावर हे पौष्टिक खाणे पडत होते, आणि रेशमी वस्त्र दुसऱ्याच कोणाच्या अंगावर चढत होते. या दोन्ही गोष्टी एकाच कोषातून निघालेल्या आहेत.

वेळेचा प्रश्न अजून राहिला. फिलिपाईन्सची राजधानी मनिला येथे दिवस मावळला की 'बालूऽऽत' अशी आरोळी ऐकू येते. बदकाचे फळलेले अंडे चौदा ते अठरा दिवस उबवून मग उकडतात. आत पिल्लाचा आकार आलेला असतो. मनिलाजवळचे पातेरोस गाव यासाठी प्रसिद्ध आहे. विक्रेता टोपलीत कापडाखाली अंडी ऊबदार ठेवतो. वरचे टोक फोडून आतला रस प्यावयाचा, मग मीठ वा शिर्का लावून बाकीचे खावयाचे. ताट नको, चमचा नको. रात्रपाळीला जाणाऱ्या वा पाळीवरून सुटलेल्या माणसाला भर रात्री याहून सोयीचे पोषण क्वचितच मिळेल.

त्याच शहरात कोंबडीचे पाय, डोके, आतडी आणि थिजवलेले रक्त निखाऱ्यावर भाजून विकतात, आणि लोकांनी त्यांना नावे कशी दिली आहेत पाहा. पायांचे नाव 'आदिदास', कारण ते पायातल्या जोड्यांचे नाव. डोक्याचे नाव 'हेल्मेट'. रक्ताच्या काळ्या चौकोनी वडीला म्हणतात 'बेटामॅक्स', कारण ती त्या नावाच्या जुन्या चित्रफितीच्या डबीसारखी दिसते. महासागरापलीकडे दक्षिण आफ्रिकेतील मजूरवस्त्यांत कोंबडीचे पाय व डोकी एकत्र विकतात. त्यांना तेथे 'वॉकी-टॉकी' म्हणतात: पाय चालतात, डोके बोलते! या दोन वस्त्यांतील माणसे एकमेकांस कधी भेटलेली नाहीत, तरी थट्टा एकाच जातीची आहे. ज्याला कोंबडीचे मांस परवडत नाही तो उरलेल्या भागांचे नाव तरी झोकात ठेवतो.

आता कीटकांकडे वळू, कारण किळस येते ती मुख्यतः यांचीच. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात नाकतोडे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजतात व बाजारात ढिगाने मांडतात. हे नाकतोडे मक्याच्या व लसूणघासाच्या शेतातून धरलेले. पीक खाणाऱ्या शत्रूलाच शेतकऱ्याने पीक बनवले. थायलंडमध्ये ईशान्येकडील गरीब ईसान प्रदेशातून माणसे पोट भरण्यासाठी बँकॉकला आली आणि येताना तळलेल्या रातकिड्यांची आवड घेऊन आली. इमारतींच्या कामावर आणि टॅक्सीवर राबणाऱ्या या माणसांसाठी गाड्या लागल्या. कोकणातला चाकरमानी मुंबईस येताना जशी कुळथाची पिठी बांधून आणी, तसेच हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत असा अंदाज दिला असून खाण्याजोग्या १,९०० हून अधिक जाती नोंदवल्या आहेत. जी गोष्ट इतकी माणसे खातात तिला 'विचित्र' म्हणावयाचे कोणी? कोळंबी आवडीने खाणाऱ्याने तिचे पाय एकदा मोजून पाहावेत.

आणि हा आरसा आपल्याकडेही वळवता येतो. १८६० च्या नोव्हेंबरात भारतातील करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज दक्षिण आफ्रिकेतील डर्बान बंदरास लागले. उसाच्या मळ्यांसाठी ही माणसे नेलेली होती. पुढे त्या शहरात एक पदार्थ निपजला: अर्धा किंवा पाव तुकडा पावरोटी पोखरून तिच्यात घेवड्याची वा मटणाची झणझणीत आमटी भरावयाची. त्याचे नाव 'बनी चाऊ'. यात सशाचा संबंध नाही. 'बनिया' शब्दावरून हे नाव पडले असे सांगतात. वर्णभेदाच्या राज्यात काळ्या गिऱ्हाइकाला भोजनगृहात बसून खाण्याची बंदी होती. तेव्हा पावरोटी हेच भांडे झाले. ते हातात घेऊन बाहेर पडावे, जेवावे आणि भांडेही खाऊन टाकावे. आज प्रवासी तो पदार्थ कुतूहलाने खातात.

मॉरिशस बेटावर १८३४ पासून असेच मजूर गेले. त्यांत आपल्या मुलखातून गेलेली मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी सण पाळतात. त्या बेटाचे रस्त्यावरचे मुख्य खाणे 'दालपुरी': आत डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, वर टोमॅटो-शेंगांचे कालवण आणि चटणी, जोडीने कागदात गुंडाळून दिलेली. पुरणपोळीतून गूळ काढला तर जे उरेल त्याच्या जवळपासचा हा घास. आपल्याला ती घरची वाटते. पॅरिसहून आलेल्या पाहुण्याला मात्र नवलाची.

इतके फिरून झाल्यावर हिशेब मांडू. ज्या माणसाला चूल, वेळ आणि पैसा या तिन्हींची वाण आहे त्याला रस्ता जेऊ घालतो. मुंबईच्या गिरणगावात हे काम खाणावळवाल्या बायांनी केले. त्यांची 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभी केली. वडापावानेही तेच केले. हे स्वस्त अन्न उद्या नाहीसे झाले तर मालकाला आज देतो त्या मजुरीत माणूस कामावर उभा करता येणार नाही. म्हणजे गाडीवाला केवळ गिऱ्हाइकाचे पोट भरत नाही. शहराच्या मजुरीचा काही भाग तो आपल्या अल्प नफ्यातून उचलतो. त्याच्या हाती मात्र ना रजा, ना निवृत्तिवेतन.

स्वच्छतेचा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. दूषित पाणी गरिबालाच आधी मारते. पण त्याचे उत्तर काय? सिंगापूर सरकारने १९६८-६९ साली फेरीवाल्यांची मोजदाद व नोंदणी केली आणि पुढे १९८६ पर्यंत त्यांना नळ, मोरी व छप्पर असलेल्या जागांत नेऊन बसवले. त्याच खाद्यसंस्कृतीस युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदन सिंग खटल्यात रस्त्यावरील विक्री हा वाजवी बंधनांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क मानला. २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात समिती असावयास हवी आणि तिच्यात किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हव्यात. आपल्या नगरपालिकेत ती समिती आहे का, तिच्या बैठका होतात का, हे विचारण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला आहे.

तेव्हा परगावी जाल तेव्हा एवढे करा. गाडी निवडताना पाणी कोठून येते ते पाहा, अन्न समोर कढत होते का ते पाहा, आणि ज्या गाडीभोवती कामाच्या कपड्यांतील माणसे उभी असतील तिच्यापाशी थांबा. रोज खाणारा माणूस वाईट गाडीवर दुसऱ्यांदा जात नाही. न रुचेल ते खाऊ नका, पण नाक मुरडण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा की हे कधीपासून विकता आणि घेते कोण. आणि परत आल्यावर आपल्या चौकातल्या गाडीवालीलाही हेच दोन प्रश्न विचारा.