समोरची बैठक रिकामी ठेवणारे शिल्प

वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते एका ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने शके ८६२ मध्ये, म्हणजे इ.स. ९४० च्या सुमारास दिलेल्या दानाचा तो लेख. तो वाचायला लिपितज्ज्ञच हवा. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडी जमिनीवर वेगळ्याच खुणा आहेत, त्या बैठ्या खेळांच्या पटांच्या. तिथे ना दात्याचे नाव, ना शक. पण नवकंकरी ठाऊक असलेल्याला पट लगेच ओळखू येतो. हे पट भिक्खूंनी कोरले, वाटसरूंनी की गुराख्यांनी, हे ठरवणे अवघड आहे, कारण लेण्याचे वय आणि त्यातल्या रेघेचे वय एकच असेल असे नाही. एवढे मात्र दिसते की दगडावर पट कोरून चारचौघांत खेळणे आपल्याकडे नवे नाही. उघड्यावर मांडलेले शिल्पमय खेळटेबल ही परदेशी हौस वाटत असेल, तर हा पुरावा आधी पाहावा.

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. ते शिल्प खेळ दाखवते. कोरलेला पट खेळायला बसवतो. फरक इथेच आहे. पुतळ्याचे काम अनावरणाच्या दिवशी पुरे होते, पटाचे त्या दिवशी सुरू होते, आणि समोर कुणी बसल्याशिवाय तो अपुराच राहतो. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणातला पचिसीचा भव्य पट आज नुसता पाहायचा उरला आहे, म्हणून तो स्मारक झाला. शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९३३ मध्ये न्यू यॉर्कसाठी आखलेला खेळाचा डोंगर तिथल्या उद्यानप्रमुखांनी धुडकावला. मुलांनी चढावे, घसरावे अशी त्यांची शिल्पे अटलांटाच्या पीडमाँट पार्कमध्ये उभी राहायला १९७६ उजाडले. हात लावू देणाऱ्या कलेला कला म्हणायला व्यवस्था सगळीकडेच उशीर करते.

देवळीसारख्या गावात असे टेबल मांडायचे म्हटले, की पहिला आक्षेप जुगाराचा. तो पोकळ नाही. पण १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानेच निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे. बुद्धिबळ आणि नवकंकरी यांत नशिबाचे दान पडतच नाही. शिवाय जुगाराला आडोसा लागतो, आणि हे टेबल वर्दळीच्या जागी असते. दुसरा आक्षेप, सोंगट्या चोरीला जातील. मग सोंगट्या ठेवूच नयेत. नवकंकरीला खडे पुरतात, चव्वाअष्टाला चिंचोके; पट गावाचा, सोंगट्या खेळणाऱ्याच्या खिशातल्या. तिसरा आक्षेप उन्हाचा, आणि तो सर्वांत खरा. वैशाखात काळ्या दगडाला हात लावणे मुश्कील. म्हणून टेबल चौकाच्या मध्यावर नको, कडुनिंबाच्या दाट सावलीत हवे. पटाच्या रंगवलेल्या घरांऐवजी खोल कोरीव रेघा हव्यात, म्हणजे ऊन-पावसाने पट पुसला जाणार नाही. चौथी अडचण कुणी बोलून दाखवत नाही: पारावरची बैठक पुरुषांची होऊन बसते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, पण विदर्भातल्या किती मुलींना भर चौकात पटासमोर बसता येते? हे नुसत्या टेबलाने सुटणार नाही. जागा वाचनालयाजवळ, शाळेच्या वाटेवर निवडली आणि एकाऐवजी चार-पाच वेगळे पट मांडले, तर कुणा एकाच टोळक्याची मक्तेदारी होणे अवघड जाईल.

यापेक्षा एखादा पुतळा बरा, असे कुणी म्हणेल. थोरांचे स्मरण हवेच. पण पुतळ्याभोवती लोखंडी कठडा येतो, आणि माणसे कठड्याबाहेरून नमस्कार करून निघून जातात. पटाला कठडा घातला तर पटच मरतो. ताम्रपटाने देणाऱ्याचे नाव हजार वर्षे टिकवले. पांडवलेण्यांतल्या पटाने कुणाचेच नाव टिकवले नाही, फक्त खेळायची जागा टिकवली. गावाने दगड कोरायचा ठरवला, तर यातले काय टिकवायचे हे आधी ठरवावे.