साखर दीडशे, तरी आयसीयू

सांगलीहून आलेलं पत्र चार पानांचं आहे आणि प्रश्न शेवटच्या ओळीत. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या यजमानांना बरीच वर्षं मधुमेह. दिवाळीचा फराळ संपल्यावर त्यांनी केटो मनावर घेतला. पोळी-भात बंद, सकाळी अंडी, दुपारी पनीर आणि पालेभाजी, रात्री खोबऱ्याच्या वाटणातलं चिकन. उपाशीपोटीची साखर १९० वरून १३० वर आली आणि घरात आनंदीआनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, मग उलट्या, मग पोटदुखी. पित्त झालं असेल म्हणून पित्ताची गोळी दिली, लिंबूपाणी दिलं, तेही साखर न घालता. ग्लुकोमीटर १३८, १४६, १५० असे आकडे दाखवत होता, त्यामुळे कुणी फारसं घाबरलं नाही. दुसऱ्या रात्री ते धापा टाकायला लागले, तेव्हा गाडी काढली.

निदान झालं केटोअ‍ॅसिडोसिसचं. आयसीयूत इन्सुलिन आणि ग्लुकोजचं सलाईन एकाच वेळी सुरू झालेलं पाहून मुलगा नर्सशी वाद घालायला लागला, ‘मधुमेहाच्या पेशंटला ग्लुकोज कसं लावता?’ म्हणून. पेशंट आता बरे आहेत. बाईंचा प्रश्न असा : साखर दीडशेच्या वर एकदाही गेली नाही, आणि केटोमधले केटोन्स निरुपद्रवी असतात असं या लेखमालेतच छापून आलं होतं, मग हे झालं कसं?

उत्तर त्यांच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, आणि तेही जाता जाता आलेलं. चालू औषधांच्या यादीत मेटफॉर्मिन आहे आणि ‘हृदयालाही चांगली म्हणून’ सुरू केलेली डॅपाग्लिफ्लोझिन.

या गोळीची कुळकथा सफरचंदाच्या झाडापासून सुरू होते. १८३५ मध्ये त्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढण्यात आला. सिंकोनासारखा कडू, म्हणून तापावर चालेल अशी तेव्हा अटकळ होती. १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने तो कुत्र्यांना दिला, तर त्यांच्या लघवीतून साखर वाहू लागली. हेच मेरिंग तीन वर्षांनी ऑस्कर मिन्कोव्स्कींबरोबर स्ट्रासबर्गमध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढून मधुमेहाचं उगमस्थान दाखवणार होते. फ्लोरिझिन दिलेला कुत्रा पुढे शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमीचाच झाला. त्याला उपाशी ठेवलं की लघवीत साखरेबरोबर केटोन्सही येतात, हे त्या पिढीच्या संशोधकांना चांगलं ठाऊक होतं.

फ्लोरिझिन पोटात टिकत नाही, म्हणून त्याच धर्तीवर आतड्यात न मोडणारे रेणू घडवले गेले, तेच ग्लिफ्लोझिन. कॅनाग्लिफ्लोझिनला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली मार्च २०१३ मध्ये. मूत्रपिंड गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतं, ते काम या गोळ्या अडवतात; दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाऊ शकते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा खरोखरच मोठा फायदा होतो, हे पुढच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. पण मे २०१५ मध्ये एफडीएने इशारा दिला : गोळ्या बाजारात आल्यापासून सव्वा वर्षात केटोअ‍ॅसिडोसिसच्या २० घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या काहींत साखर फारशी वाढलेली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा आकडा ७३ झाला आणि गोळ्यांच्या माहितीपत्रकावर धोक्याची सूचना छापली गेली. उपाशी कुत्र्यांवर दिसलेली गोष्ट माणसांत पुन्हा शिकावी लागली.

आता केटोकडे. मागच्या भागात केटोसिस आणि केटोअ‍ॅसिडोसिस यांच्यामधली जी भिंत दाखवली होती, ती इन्सुलिनची आहे. इन्सुलिन थोडं जरी असलं तरी चरबीचं विघटन ताब्यात राहतं आणि त्यातून बनणारे रक्तातले केटोन्स साधारण अर्धा ते तीन मिलिमोलच्या आसपास थांबतात. केटोत पिष्टमय पदार्थ जवळजवळ नाहीत, म्हणून शरीर इन्सुलिन कमी सोडतं. ग्लिफ्लोझिन उरलीसुरली साखर बाहेर काढते, म्हणून ते आणखी कमी सोडलं जातं. उलट ग्लुकागॉन वाढतं आणि ते यकृताला केटोन्स बनवायला लावतं. जुन्या मधुमेहात स्वादुपिंड आधीच थकलेलं असतं. दोन्ही बाजूंनी पोखरल्यावर भिंत पडते, केटोन्स वाढत जातात आणि रक्त आम्लधर्मी होतं. धाप लागते ती त्यामुळेच. शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइडच्या वाटे आम्ल बाहेर टाकू पाहतं.

या सगळ्यात ग्लुकोमीटर मात्र निवांत असतो. खालचा नळ उघडा ठेवलेल्या टाकीत पाण्याची पातळी कमी दिसणारच. तेवढ्यावरून घरात पाणी किती आहे हे सांगता येत नाही. सांगलीच्या मुलाला खटकलेलं ग्लुकोजचं सलाईनही यातूनच समजतं. केटोन्स थांबवायला इन्सुलिन हवं, आणि साखर दीडशे असताना नुसतं इन्सुलिन दिलं तर ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाईल. म्हणून दोन्ही बरोबरच द्यावी लागतात. तिथल्या डॉक्टरांनी अगदी योग्य तेच केलं.

लघवीच्या पट्टीवरही विसंबू नये. ती अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दाखवते, तर केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्तात भरमार असते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटची, जे या पट्टीला दिसतच नाही. संशय आला तर रक्तातले केटोन्स आणि रक्ताची आम्लता या दोन तपासण्या मागाव्यात.

मग मधुमेह्यांनी केटो करूच नये का? २०१८ मध्ये इंडियानातल्या सेरा हॉलबर्ग आणि सहकाऱ्यांनी वर्षभराचे निष्कर्ष छापले, त्यांत टाइप-२ मधुमेहाचे २६२ जण या आहारावर होते. सरासरी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा निर्देशांक, ७.६ वरून ६.३ वर आलं आणि एकालाही केटोअ‍ॅसिडोसिस झाला नाही. मात्र डॉक्टर पहिल्या दिवसापासून औषधांवर नजर ठेवून होते; इन्सुलिनचे डोस उतरवले जात होते, साखर एकदम पाडणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या काढल्या गेल्या आणि ग्लिफ्लोझिनही जवळपास सगळ्यांच्या बंद झाल्या. आपल्याकडे केटोचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्यात गोळ्यांचा रकानाच नसतो.

आणि इथे या गोळ्या आता घरोघरी आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं आणि मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि किमती धाडकन खाली आल्या. रेमोग्लिफ्लोझिन तर जगात सर्वांत आधी भारतातच, २०१९ मध्ये, विकायला आलं. गोळ्यांच्या पट्टीवर ठळक असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ‘ग्लिफ्लोझिन’ हे शेपूट खाली बारीक अक्षरांत सापडतं, पुष्कळदा मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिनच्या जोडीने. मधुमेह नसलेल्या हृदयविकाराच्या पेशंटलाही ही गोळी देतात, त्यामुळे घरात ती ‘हार्टची गोळी’ म्हणूनही ओळखली जाते.

तेव्हा पट्टी उलटी करून वाचावी, पण वाचून गोळी परस्पर बंद करू नये. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड तिच्यावर टिकून आहे, त्याच्यासाठी सोडायचा तो केटो. ज्याला केटोच करायचा आहे, त्याने आधी डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. टाइप-१ वाल्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. युरोपात त्यांच्यासाठी डॅपाग्लिफ्लोझिनला २०१९ मध्ये मिळालेली परवानगी २०२१ मध्ये मागे घेतली गेली.

हेच उपासांनाही लागू आहे. एकादशी दुप्पट खाशी असेल तर साबुदाण्यात पिष्ट भरपूर असतं, निदान केटोन्सची तरी चिंता नको, साखरेचा हिशेब वेगळा. नवरात्रात नुसत्या पाण्यावर राहणारे आणि निर्जळी करणारे यांनी मात्र ही गोळी घेत असल्यास डॉक्टरांना आधी विचारावं. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती थांबवायला सांगतात, तेही याच कारणाने. उलट्या-जुलाब झाले, पोटात काही ठरेना, तर त्या दिवशी गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. जोडीला पोटदुखी किंवा धाप असेल तर साखर कितीही चांगली दिसो, थेट हॉस्पिटल गाठायचं आणि आत शिरताना गोळीचं नाव सांगायचं.

केटोने कोलेस्टेरॉलचं काय होतं, याचा वायदा या अंकाचा होता. तो सांगलीच्या पत्राने खाल्ला. पुढच्या आठवड्यात स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २०२२ मध्ये केटो आणि भूमध्यसागरी आहाराची जी समोरासमोर तुलना छापली, ती पाहू. साखरेत दोघांची बरोबरी झाली होती, एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये नाही. तोवर ज्यांना प्रश्न पाठवायचे आहेत, त्यांनी गोळ्यांची नावं पट्टीच्या मागच्या बाजूने उतरवून पाठवावीत.