जुनी भांडी मोडीत घालण्यापूर्वी



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानांत कशी गर्दी होते, ते तुम्ही पाहिलेच आहे. नवे डबे घ्यायचे आणि त्यांच्या किमतीपोटी घरातले जुने तांबे-पितळ काट्यावर ठेवायचे. ह्यालाच आपण मोड घालणे म्हणतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात मी उभा होतो. माझ्यापुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी पिशवीतून एक पितळी भांडे काढून काट्यावर ठेवले. तोंड रुंद, गळ्याशी आवळलेले, बुडाला चांगले जड.

“आजी, सव्वा किलो भरलं,” दुकानदार म्हणाला. “घट वजा जाता जे होईल ते धरू.”

मी विचारले, “आजी, हे कसलं भांडं हो?”

“कासंडी रे बाबा. दूध काढायची. माझ्या सासूबाईंची. आता दावणीला जनावर नाही, अन् घरात कुणाला ठाऊक नाही. नात म्हणते, आजी ही फुलदाणी का गं?”

आजींना मोडीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त देऊन मी ती कासंडी घेतली. घरी आल्यावर ती फार काळवंडलेली वाटली, म्हणून शहरातून यंत्राच्या चाकावर पॉलिश करून आणली. सोन्यासारखी झळकू लागली! आणि मग ध्यानात आले, की काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेले नाव होते, ते झिजून गेले आहे. दोन-तीन टिंबे तेवढी उरली. नाव कोणाचे, गाव कोणते, साल कोणते, काही कळेना. आजींचे नावगाव विचारून घ्यायचे तर मला सुचलेच नव्हते. वस्तू वाचली, पण तिची हकीकत मी माझ्याच हाताने पुसली.

ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आजचे हे बोलणे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोड घालणे हे काही पाप नव्हे. धातू वाया जाऊ न देता पुन्हा वितळवून वापरायचा, ही आपल्याकडची जुनी आणि शहाणपणाची रीत आहे. पण पूर्वीच्या आणि आताच्या मोडीत एक मोठा फरक पडला आहे. पूर्वी एक कासंडी फुटली, मोडीत गेली, तरी कासाराकडे दुसरी कासंडी तयार असे. वस्तू जाई, पण तिची जात टिकून राही. आता मोडीत जाते कासंडी आणि घरी येतो स्टीलचा डबा. म्हणजे नुसते भांडे जात नाही, तर भांड्याची जातच संपते.

हे का झाले? कारण आपले राहणेच बदलले. १९६०-७० नंतर स्टेनलेस स्टील हळूहळू घराघरांत आले. त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. घासणाऱ्या बाईचे हात सुटले, हे चांगलेच झाले. चुलीच्या जागी गॅस आला, तेव्हा गोल बुडाची भांडी शेगडीवर डुगडुगू लागली. नळ आले आणि हंडा-कळशी कोपऱ्यात गेली. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची आणि घंगाळाचीही तीच गत झाली. तेव्हा सगळी जुनी भांडी पुन्हा वापरात आणा, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो, की प्रत्येक गावात प्रत्येक जातीचे एक तरी भांडे राहावे, आणि त्याच्याबरोबर त्याची माहिती राहावी.

माहितीला एवढे महत्त्व का? आता नावांचेच पाहा ना. भात-आमटी शिजवायचे साधे भांडे. पुण्याकडे त्याला पातेले म्हणतील, मुंबई-कोकणात टोप म्हणतील, मराठवाड्यात भगुणे म्हणतील, विदर्भात गंज म्हणतील. कुठे डेचकी, कुठे तपेले. शिवाय नाव बदलले की आकारही थोडा बदलतो. काठ कुठे बाहेर वळतो, कुठे सरळ राहतो. वाढायच्या साधनांत पळी वेगळी, डाव वेगळा आणि उभ्या दांड्याचे ओगराळे वेगळे. पंगतीत वाकून वरण वाढताना ओगराळ्याचा उभा दांडा का लागतो, हे ज्याने पंगत वाढली आहे त्यालाच नीट सांगता येईल. पाचवीतल्या मुलाला आज ‘ओगराळे’ हा शब्द विचारून पाहा. शब्द गेला, कारण वस्तू डोळ्यांपुढून गेली.

मापांचेही तसेच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे आपल्या आजोबांना तोंडपाठ होते. १९५८ पासून देशात मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि ही मापे व्यवहारातून उठली. आता ती माळ्यावर सापडतात. शिक्षकबंधूंनो, एक जुने मापटे वर्गात आणा, त्यात ज्वारी भरा आणि ती किती ग्रॅम भरते ते मुलांकडून मोजून घ्या. दुसऱ्या गावचे मापटे मिळाले तर तेही मोजा. दोन्हींत फरक निघाला, तर सगळ्या देशाला एकच माप का लागले, हे मुलांना निराळे समजावावे लागणार नाही.

भांड्यांची किंमत ओळखलेल्या एका माणसाचे नाव येथे घेतलेच पाहिजे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०). ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने ते काम जन्मभर चालवले. राजेरजवाड्यांच्या तलवारी पुष्कळ जण जमवतात. केळकरांनी त्यांच्याबरोबर अडकित्ते, दिवे, पानाचे डबे आणि स्वयंपाकघरातली भांडीही जमवली. आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी ह्या संग्रहाला दिले. १९६२ साली राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. शाळेची सहल पुण्याला गेली तर शनिवारवाड्याबरोबर शुक्रवार पेठेतले हे संग्रहालयही मुलांना जरूर दाखवा.

तुम्ही म्हणाल, “ते मोठ्या माणसाचं काम. आम्हांला कुठे मिळणार?” मिळते, मंडळी. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईला भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार सर्वांना माहीत आहे. पण तेथले व्यापारी जाणकार, भाव चढे. आपल्या कामाची जागा त्याहून जवळ आहे. तालुक्याचा मोडवाला, भंगाराचे दुकान, आठवडी बाजाराचे टोक, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, आणि सगळ्यांत आधी आपल्याच घरचा माळा. मोडवाल्याला एकदा सांगून ठेवा, “निराळं काही आलं तर ठोकून चेपण्याआधी मला दाखव.” मोडीच्या भावावर थोडे जास्त मिळते म्हटल्यावर तो आनंदाने थांबतो.

घेताना पारख कशी करावी? चार खुणा सांगतो.

पहिली खूण धातूची. तांबडे ते तांबे, पिवळे ते पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. काशात तांब्याबरोबर कथील असते. साधारण चार भाग तांबे, एक भाग कथील. टिचकी मारली की कासे घंटेसारखे लांब घुमते. पितळेला पडल्यावर पोचा येतो, काशाला तडा जातो. लोहचुंबक जवळ न्या. भांडे चिकटले तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा.

दुसरी खूण हाताच्या कामाची. हातोडीने ठोकून पत्र्याला बळकटी आणतात, त्याला मठारणे म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथले तांबट ह्या कामाबद्दल नावाजलेले. हाताच्या मठारकामात ठोक्यांच्या रांगा असतात, पण दोन ठोके अगदी एकसारखे नसतात. तांब्याच्या जुन्या हंड्यावर कधी पिवळसर, दातेरी रेघ दिसते. ती तडा नव्हे, पितळी डाकेने जोडलेला सांधा आहे.

तिसरी खूण वापराची. झिजलेली कड, एकाच बाजूला गुळगुळीत झालेला कान, बुडावरचे चुलीचे काळे. वर्षानुवर्षांचा वापर नक्कल करता येत नाही. भांडे सगळीकडून सारखेच हिरवे दिसत असेल आणि ओल्या फडक्याने हिरवेपणा सहज निघत असेल, तर ते कालपरवा आम्ल लावून ‘म्हातारे’ केलेले समजा.

चौथी खूण, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, नावाची. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, तारीख, कधी गावही घालीत. काठाखाली, कानाजवळ, बुडाला बोट फिरवून पाहा. काळवंडलेल्या भांड्यावर डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला लागते.

एक पथ्य मात्र पाळा. देवळातली वाटणारी वस्तू, तिचा मालक कोण हे कळल्याशिवाय, घेऊ नका. चोरीचा माल घेतला तर संग्रहाला कलंक लागतो. आणखी एक लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू कोणी खासगी रीतीने परदेशी पाठवू शकत नाही. आणि अडचणीत सापडलेल्या घराकडून वस्तू घेताना भाव पाडू नका. चार पैसे जास्त गेले तरी झोप चांगली लागते.

वस्तू घरी आली, की लगेच घासायला बसू नका. आधी नाव वाचा, लिहून घ्या, फोनने छायाचित्र काढून ठेवा. मग चिंच किंवा लिंबू आणि थोडे मीठ लावून, मऊ फडक्याने, हलक्या हाताने पुसा. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडे करा. विटकर, तारेची घासणी आणि दुकानातले तीव्र आम्ल टाळा. यंत्राच्या चाकाची गोष्ट तर मी सांगितलीच!

भांडे स्वयंपाकात वापरायचे असेल तर आतून कल्हई हवीच. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, हे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ताक, चिंचेची आमटी, लोणचे ह्यांचा तांब्या-पितळेशी संबंध आला की धातू अन्नात उतरतो आणि उलट्या, पोटदुखी होते. कल्हईवाला भांडे निखाऱ्यावर तापवतो, नवसागर टाकून आतला मळ काढतो आणि कथील लावून कापसाने सगळीकडे फिरवतो. कथील शुद्ध हवे. त्यात शिसे मिसळलेले असले तर ते विष आहे. आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे कधी चुलीवर ठेवू नये. जोड कशाचा आहे, कल्हई कसली आहे, हे कळत नसेल तर भांडे फळीवर शोभेला राहू द्या.

आता शेवटचे आणि मुख्य काम, वहीचे. एक साधी दोनशे पानी वही करा. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. त्यापुढे लिहा: गावात तिला काय म्हणतात, कशाची आहे, वजन, उंची, किती पाणी मावते, तिच्यावर कोरलेले जसेच्या तसे, कोणाकडून आली, केव्हा, आणि ती कशी वापरीत. ही शेवटची ओळ घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडून लिहून घ्या, तिच्याच शब्दांत. “हे घंगाळ बाळंतिणीच्या पाण्याचं,” असे ती म्हणाली तर तसेच लिहा. नीटनेटके करायला जाऊ नका.

शाळांना हे काम फार चांगले साधेल. वर्षातून एक दिवस ठरवा. मुलांनी घरून एक जुने भांडे आणावे. मात्र सक्ती नको, आणि आणलेल्या वस्तूची पावती देऊन संध्याकाळी ती परत करावी. शाळेने वस्तू ठेवून घ्यायची गरजच नाही. गावातल्या चार आजींना बोलवा, त्यांना खुर्च्या द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. ज्या बाईला आजवर शाळेने कधी काही विचारले नाही, ती त्या दिवशी वर्गाची गुरू होईल. भांडी घरी परत जातील, वही शाळेत राहील. पुढे एखादे भांडे मोडीत गेलेच, तरी त्याचे नाव आणि काम गेले, असे होणार नाही.

माझी कासंडी आज फळीवर आहे. पाहुणे विचारतात, “ही कुठली?” मला एवढेच सांगता येते, की कोण्या एका आजींच्या सासूबाईंची. तुमच्या घरी मात्र सांगणारे माणूस अजून असेल. ह्या दिवाळीत काट्यावर भांडे ठेवण्याआधी तेवढे त्याला विचारून घ्या.