दुष्फेन, सवळ, जड : आपल्या नळाचं पाणी

शाळेच्या विज्ञानात एक शब्द भेटला होता, 'दुष्फेन'. ज्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही ते दुष्फेन. येतो ते सुफेन. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला हा शब्द आवडतो, कारण व्याख्या त्याच्या पोटातच आहे. पण आमच्या बोरगावात (निपाणी तालुक्यातलं, इचलकरंजीच्या बाजूचं) असं कुणी बोलत नाही. इथे पाणी 'सवळ' असतं, 'मचूळ' असतं, 'जड' असतं. कन्नड बोलणारे 'गडसु नीरु' म्हणतात. नीट बघितलं तर सवळ आणि मचूळ हे चवीचे शब्द आहेत, जड हा कामाचा. हा लेख कामाच्या शब्दाबद्दल.

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. आपल्याखाली दख्खनचा काळा बेसाल्ट, आणि काळ्या मातीत चुनखडीचे खडे. पाणी जितका काळ जमिनीत राहील तितकं जड. म्हणून बोअरचं पाणी सहसा नदीच्या पाण्यापेक्षा जड लागतं. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी येतं. नळ नसलेल्या दिवशी तिथे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना एकाच आठवड्यात दोन्ही पाण्यांचा फरक हाताला कळतो.

आता घरात काय होतं ते बघू. साबण जड पाण्यात आधी कॅल्शियमशी जुळतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारी राखाडी रेघ तीच. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असलेल्या २० लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम क्षार असतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तेवढा बांधायला सुमारे ३६ ग्रॅम साबण लागतो, आणि तोवर मळाला हातही लागलेला नसतो! हाच साका कपड्यात अडकतो. आमच्या घरी चर्चच्या वेदीवरची पांढरी कापडं धुवायची पाळी येते, तेव्हा ती करडी आणि कडक होतात ती याच्यामुळे. डिटर्जंटचा साका असा होत नाही, पण त्याचाही जोर कमी पडतो.

दुसरी जागा म्हणजे बंब आणि गिझर. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. म्हणजे लाकूड जास्त, वीज जास्त, आणि एक दिवस कॉइल जळते.

तिसरी, डाळ. कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला घट्ट करतं, म्हणून शिट्ट्या वाढतात. चिमूटभर खायचा सोडा मदत करतो. जास्त घातला तर 'ब-१' जीवनसत्त्व जातं.

मग प्यायचं काय? भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जड पाण्याने मुतखडा होतोच, असं सगळे छातीठोक सांगतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जडपणामुळे आरोग्याला अपाय होतो याचा खात्रीलायक पुरावा नाही. जडपणा वेगळा आणि जंतू, नायट्रेट, फ्लोराइड वेगळे. जड पाणी निर्धोक असू शकतं, आणि सुफेन पाणी घाण असू शकतं.

हे मला आमच्या घरी कामाला आलं. दारावर एकजण सॉफ्टनर विकायला आला. माझ्या आजीला बीपी आहे, जेवणात मीठ मोजून. अशा यंत्रात कॅल्शियमच्या जागी सोडियम पाण्यात येतं, ही गोष्ट त्याने सांगितलीच नाही. मी विचारल्यावर आई म्हणाली, "मग प्यायच्या नळाला नको गं." आरओ जडपणा काढतो खरा, पण बरंच पाणी वाया घालवतो, ते निदान फरशी पुसायला, संडासात वापरता येतं.

यंत्राआधी करण्यासारखं बरंच आहे. पाणी उकळून निवू दिलं की तात्पुरता जडपणा खाली बसतो. सल्फेट-क्लोराइडचा कायमचा जडपणा मात्र उकळून जात नाही. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नाही. कपड्यांच्या बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा घाला, मग साबण. साबण कमी लागतो. रेशीम आणि लोकरीला सोडा नको. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की पांढरं कापड मऊ राहतं. नळाच्या तोटीवरचा थर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या सत्त्वाने निघतो, पण शहाबादी फरशीवर ते सांडू देऊ नका. ती फरशी स्वतःच चुनखडीची, आम्लाने खाल्ली जाते.

तुमचं पाणी किती जड ते बघायचंय? दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं, दुसरीत नळाचं पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा (डिटर्जंट नको, तो दोन्हीकडे फेसाळेल). फेस कुठे टिकतो ते बघा. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, आणि विक्रेत्याशी बोलणी त्यानंतर करा.